'दुधाचेच दात आहेत, पडतील' म्हणण्यापूर्वी

आमची लेक सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास ती गालावर हात धरून उठून बसली आणि रडू लागली. खालच्या बाजूची दाढ किडली होती. सासूबाईंनी लवंग कुटून दाढेत ठेवली, कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. तासाभराने ती झोपली. सकाळी मी डॉक्टरांकडे नेण्याचा विषय काढला तेव्हा घरात सर्वांचे एकच म्हणणे पडले, "अगं, दुधाचीच दाढ आहे. आज ना उद्या पडणारच. तिच्यावर पैसे कशाला घालवायचे?"

खरे सांगायचे तर मलाही ते पटले. काही महिन्यांनी तिचा गाल सुजला, ताप आला आणि दाढ काढावी लागली. दुखणे संपले म्हणून आम्ही अल्लाहचे आभार मानले. त्या रिकाम्या जागेचे पुढे काय होते, हे आम्ही विचारले नाही आणि आम्हाला कोणी सांगितलेही नाही.

आज लेक तेरा वर्षांची आहे. त्या जागी जो कायमचा दात यायचा होता तो रांग सोडून जिभेच्या बाजूने वर आला आहे. मागची मोठी दाढ पुढे सरकली आहे. पुढचे दात एकमेकांवर चढले आहेत. आता दोन वर्षे तारा लावण्याचा उपचार सुरू झाला आहे. ज्या दाढेवर काही शे रुपये खर्च करायला आम्ही तयार नव्हतो, तिच्यापायी आज दहा-दहा हजारांचे हिशेब मांडावे लागत आहेत. आपल्या भगिनींवर ही पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

दुधाचा दात म्हणजे जागेवरचा रुमाल

दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. आमच्या ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंनी मला हा प्रकार एका वाक्यात समजावला. त्या म्हणाल्या, "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, दुधाचा दात तेच काम करतो. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसणारच."

बाळाला साधारण सहा महिन्यांपासून दात येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे पुढचे दात हलू लागतात. ही अदलाबदल बाराव्या वर्षापर्यंत चालते. पुढचे दात लवकर पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेला अजून चार-सहा वर्षे काम करायचे असते. तिच्याने मूल चावते, तिच्यामुळे जबड्यातली जागा राखली जाते आणि तिच्या खालीच कायमचा दात तयार होत असतो. वरच्या दाढेत पू झाला, तर खालच्या कोवळ्या दातालाही इजा पोहोचू शकते.

म्हणून दुधाचा दात किडला तर तो भरून घ्यावा. कीड खोल गेली असेल तर लहान मुलांच्या दातांवरही रूट कॅनॉलसारखा उपचार होतो आणि वर धातूची टोपी बसवता येते. दात काढण्यावाचून इलाजच नसेल तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा, "या जागेसाठी स्पेस मेंटेनर लागेल का?" ही तारेची छोटीशी कडी असते. शेजारच्या दाढेला ती चिकटवतात आणि नवा दात येईपर्यंत ती जागा धरून ठेवते. आम्ही हा प्रश्न विचारला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती.

न पडता येणारी दाढ

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत हमखास चुकते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक मोठी दाढ येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे आईलाही कळत नाही. पुढे तिला कीड लागली की घरचे तिलाही दुधाचीच समजतात. पण ही दाढ कायमची असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. जबड्याची सगळी रांग तिच्या आधाराने बसते. या दाढेच्या खाचांत अन्न अडकून कीड लवकर लागते. म्हणून ती पूर्ण वर आली की खाचा बंद करणारा पातळ लेप लावून घेता येतो. तो लावताना दुखत नाही, सुई टोचावी लागत नाही.

आपले मूल सहा-सात वर्षांचे असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्याला उजेडात आ करायला सांगा. मागून पहिला दात मोठा आणि रुंद दिसला तर समजा, ती दाढ आली आहे.

सातव्या वर्षी एकदा दाखवा

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते की प्रत्येक मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावाव्यात असा नाही. बहुतेक मुलांना डॉक्टर "सध्या काही करायचे नाही, वर्षाने पुन्हा दाखवा" एवढेच सांगतात. पण काही दोष असे असतात की जबडा वाढत असतानाच ते सोप्या उपायांनी सुधारतात. जबड्याची ही वाढ मुलींमध्ये मुलांपेक्षा लवकर होते. वाढ थांबल्यावर तेच काम अवघड होते, कधी शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये.

तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या मागे जात असतील. वरचे दात इतके पुढे आलेले असतील की ओठ मिटत नाहीत. असे दात खेळताना पडले की मोडण्याचीही भीती जास्त असते. मागच्या दाढा मिटल्यावर पुढचे दात एकमेकांना टेकतच नसतील. मूल चावताना जबडा एका बाजूला सरकवत असेल. एका बाजूचा दात येऊन बरेच महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा आलाच नसेल.

सवयींकडेही लक्ष हवे. तीन-चार वर्षांपर्यंत मूल अंगठा चोखत असेल तर चिंता करू नये. पण पुढचे कायमचे दात येऊ लागले तरी सवय सुटली नाही, तर दात पुढे ढकलले जातात. अशा वेळी अंगठ्याला मिरची लावणे, चारचौघांत हसणे याने सवय सुटत नाही, उलट मूल लपून अंगठा चोखू लागते. प्रेमाने आठवण द्यावी, हाताला काम द्यावे, आणि तरीही जमले नाही तर डॉक्टरांची मदत घ्यावी. मूल रात्री तोंड उघडे ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेते आणि त्याचा परिणाम जबड्याच्या वाढीवर होऊ शकतो.

काही गोष्टी पाहून मात्र घाबरू नये. दुधाच्या दातांमध्ये फटी असणे चांगले. पुढच्या मोठ्या दातांसाठी ती जागाच असते. सात ते अकरा वर्षांच्या काळात वरच्या दोन दातांमध्ये फट दिसते, दात पंख्यासारखे पसरलेले दिसतात. वरचे सुळे आले की बहुतेक वेळा ही फट आपोआप मिटते. या वयात मुलांच्या दातांची थट्टा करू नये. घरातल्या मोठ्यांनी गमतीने ठेवलेले नाव मूल विसरत नाही. आमची लेक हसताना अजून तोंडावर हात ठेवते. तिला दातांवरून पहिल्यांदा कोणी चिडवले असेल, तर ते शाळेत नव्हे, आमच्याच घरात.

तारा काय करतात?

दात हाडात सिमेंटसारखा पक्का बसलेला नसतो. तारेचा हलका दाब सतत पडत राहिला की ज्या बाजूला दाब असतो तिथले हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरत जाते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणूनच दीड-दोन वर्षे लागतात. घाई केली, जास्त ताण दिला, तर दाताचे मूळच झिजते. "सहा महिन्यांत करून देतो" असे कोणी सरसकट सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

दर चार-सहा आठवड्यांनी जावे लागते. तार आवळल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात. तेव्हा खिचडी, दही-भात, नरम शिरखुर्मा असे काही द्यावे. चणे, सुपारी, ऊस, चिक्की, नळीचे हाड फोडणे हे सर्व बंद. तार काढल्यावर रिटेनर नावाची क्लिप डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरावी लागते. पुष्कळ घरांत तारा निघाल्या की क्लिप कपाटात जाते आणि दात हळूहळू जुन्या जागी परततात. दोन वर्षांची मेहनत अशी वाया जाऊ देऊ नये.

मोठ्या वयातही तारा लावता येतात, हिरड्या आणि हाड निरोगी असले म्हणजे झाले. चाळिशीतल्या भगिनीही हा उपचार घेतात, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

हे जायज आहे का?

हा प्रश्न आमच्या घरातही निघाला. केवळ सौंदर्यासाठी दात घासून त्यांत फटी पाडण्याला हदीसमध्ये मनाई आली आहे, हे अनेकांना ठाऊक असते. म्हणून काहींना शंका येते की दात सरळ करणे म्हणजे अल्लाहने दिलेल्या रूपात बदल करणे तर नव्हे? उलमा साधारणपणे यात फरक करतात. दोष, त्रास किंवा विद्रूपता दूर करणे हा इलाज आहे. निरोगी दात केवळ हौसेखातर बदलणे वेगळे. वेड्यावाकड्या दातांत अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही, कीड लागते, हिरड्या सुजतात, चावणे नीट होत नाही. हा आजाराचाच भाग आहे.

आपल्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. कुर्तुबाचे थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. 'अत-तसरीफ' या आपल्या ग्रंथात त्यांनी दातांवरचे कीटण खरवडण्याची वेगवेगळी हत्यारे दिली, हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत लिहिली आणि रांग सोडून उगवलेल्या दातांच्या उपचारालाही जागा दिली.

वुजू आणि गुसलबद्दलही विचारणा होते. काढता-घालता येणारी क्लिप असेल तर ती काढून गुळणी करावी, हे सोपे आहे. पक्क्या बसवलेल्या तारा रोज काढता येत नाहीत, तिथे उलमा मजबुरीची सवलत सांगतात. मनात शंका राहिली तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे, पण शंकेपायी उपचार अडवून ठेवू नये.

मिस्वाक, ब्रश आणि रमजान

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकवर किती भर दिला हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पिलूच्या झाडाची ही काडी दात स्वच्छ करते, हे आजचे दंतवैद्यही मान्य करतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही तिच्या वापराला उत्तेजन दिले आहे. पण तारा लावलेल्या मुलाने फक्त मिस्वाकवर भागवू नये. काडी तारेच्या खाली जात नाही आणि जोर लागला तर चिकटवलेला तुकडा निघू शकतो. अशा मुलांसाठी मधे खाच असलेला खास ब्रश मिळतो आणि तारेखालून फिरवायला बाटली धुण्याच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो. दोन्ही वापरावेत. मिस्वाक तारा नसलेल्या जागी, सांभाळून, सुन्नत म्हणून जरूर चालू ठेवावी.

रमजानमध्ये खजुराने इफ्तार करतो. खजूर चिकट असतो, तारेत अडकून बसतो. तारा असतील तर बी काढून त्याचे तुकडे करून खावेत आणि लगेच पाणी प्यावे. इफ्तारनंतर तरावीहपर्यंत सरबत, भजी, फळे, पुन्हा चहा असे तोंड चालूच राहते. दातांना सर्वांत जास्त त्रास या सतत चालणाऱ्या गोडामुळे होतो. गोड एका बैठकीत खावे. सेहरीनंतर फज्रची अजान होण्यापूर्वी ब्रश करायला पाच मिनिटे हाताशी ठेवावीत आणि रात्री झोपताना पुन्हा ब्रश करावा. तार आवळण्याची तारीख रमजानमध्ये येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. संध्याकाळची वेळ घेता येते किंवा थोडे पुढे-मागे करता येते.

बाळांच्या बाबतीत एवढेच सांगते. दुधाची किंवा सरबताची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, चोखणीला मध लावू नये. पहिला दात दिसला की दोन वेळा ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लोराईडची टूथपेस्ट पुरते. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत आई किंवा अब्बांनी शेवटचा हात स्वतः फिरवावा. बुटाची नाडी ज्याला धड बांधता येत नाही, त्याला मागची दाढ तरी कशी घासता येईल?

मिश्रीचा तवा

घराचे दात म्हटले की दादी-नानीचे दातही आले. कोकणात आणि घाटावर आपल्या कितीतरी घरांत अजून तव्यावर तंबाखू भाजून मिश्री केली जाते. दात घासायला म्हणून सुरुवात होते आणि दिवसातून चार-पाच वेळा बोट हिरडीवर जाते. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने हिरड्या खाली सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गरोदर भगिनीच्या बाळालाही ती अपाय करते. सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी आणणार? आमच्या सासूबाईंची मिश्री पूर्ण सुटलेली नाही. पण नातीच्या तारा पाहून त्यांनी चारची एक वेळ केली आहे. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली किंवा तोंड कमी उघडू लागले, तर लगेच दाखवावे.

लग्न ठरल्यावरची घाई

मुलीच्या दातांचा विषय आपल्याकडे बहुधा स्थळ पाहायला सुरुवात झाली की निघतो. मग दोन वर्षे थांबायला वेळ नसतो. तारखेच्या आत काम व्हावे म्हणून निरोगी दात घासून त्यांवर कॅप बसवल्या जातात. फोटो छान येतो. पण घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि कॅप काही वर्षांनी बदलावी लागते. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडात हा कायमचा खर्च आपण घालून देतो.

आमच्याही घरात एकजण म्हणाले, "निकाहच्या वेळी बघू." माझे उत्तर सरळ होते. तिला चावायचे आहे, बोलायचे आहे, साठ वर्षांपर्यंत हे दात वापरायचे आहेत. लग्न हा त्यातला एक दिवस आहे. आणि मुलगा असता तरी हाच उपचार केला असता.

खर्चाचे काय?

खर्च मोठा आहे, हे नाकारून चालणार नाही. बहुतेक डॉक्टर हप्त्यांनी पैसे घेतात, ते आधीच बोलून लिहून घ्यावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसमधील रंगूनवाला दंत महाविद्यालयासारख्या संस्थाही आहेत. अशा महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करतात आणि शुल्क साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी असते. रांग असते, फेऱ्या जास्त होतात, पण काम रीतसर होते.

भारतातले पहिले दंत महाविद्यालय कलकत्त्यात १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसाने महाविद्यालयाच्या खर्चासाठी शहरात सोडा-आइस्क्रीमचे दुकान चालवले. १९४९ मध्ये ते महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

तारा लावण्यापूर्वी डॉक्टर बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस झालेले आहेत का, हे विचारावे. हा तीन वर्षांचा वेगळा अभ्यास असतो. विचारण्यात संकोच नको, चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. उपचारापूर्वी एक्स-रे आणि दातांचे ठसे घेतले जातात का, हेही पाहावे.

आमचा धाकटा यंदा सात वर्षांचा झाला. त्यालाही दाढेला बारीक काळा ठिपका दिसला. या वेळी घरात कोणी "पडणारच आहे" म्हटले नाही. सासूबाईच म्हणाल्या, "आजच घेऊन जा." अर्ध्या तासात दाढ भरून झाली. नव्या मोठ्या दाढांना लेपही लावला. घरी येताना लेक त्याला तारेखालचा छोटा ब्रश दाखवत म्हणाली, "तुला हा लागू नये म्हणून नेलं होतं."

इन्शाअल्लाह, त्याला तो लागणार नाही.